पाठ

खाट डोंगरावर नेली त्या सकाळी
वाडीतल्या दोन घरांनी दारं लावून घेतली.
एप्रिल, दुसरी लाट,
आणि बाबा नि दिपराज खाट खांद्यावर घेऊन चढणीला:
कोणालाही वाटावं तेच वाटलं.
तोळूकाकाने लांबूनच हात जोडले.
मागून मी, बादली, साबण, तीन टॉवेल,
आणि माझ्या मागून आई,
प्रत्येक कुंपणाला सांगत:
"जिती आसां हांव, जिती आसां."

रेंज फक्त मांगराच्या ओट्यावर यायची,
तीही चौथ्या काजूकडे तोंड केलं तर.
तिथेच झालं माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष:
हृदयाचे चार कप्पे, जखमेच्या कडा,
इंजेक्शन काजूच्या बोंडात,
नव्वद अंशांत, रस उडून
युनिफॉर्मवर न जाणारा डाग.
बांबोळीच्या कॉलेजातला सरावाचा बाहुला
मी चौकोनातच पाहिला होता.
एर्मेलिंदा मॅडम त्याचं पांघरूण
इतकं हळू सारखं करायच्या
की त्या बाहुल्याचा हेवा वाटायचा.

प्रात्यक्षिक: अंथरुणातल्या रोग्याला स्नान. गुण वीस.
रोगी: घरातली कोणीही प्रौढ व्यक्ती.

मोबाईल हुर्राकच्या कॅनला टेकवला.
"आधी रोग्याला सांगा काय करणार ते."
आई, आता मी तुझा चेहरा पुसणार.
"सांगता कितें? पूस."
बारा खिडक्या हसल्या. मॅडमही.

चेहरा. कानामागे. मान. मग हात.
चौदा वर्षं फॅक्टरीत काजू सोलले आईने,
टरफलाच्या तेलाने बोटांच्या रेषा खाल्ल्या.
रेशनच्या मशीनला ती ओळखू येत नाही.
मी तळवा घासत राहिले.
"तो मळ न्हय गो," ती म्हणाली,
माइकला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

मग कुशीवर वळवलं, पाठ उघडी केली
आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं.
मॅडमचा चेहरा गोठला, तोंड अर्धं उघडं,
"लांब हात फिर" इथेच वाक्य अडकलेलं.

संपर्क तुटल्यास थांबा, असा नियम होता.
पण पाणी कोमट होतं. पाठ ओली होती.
आणि एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं मला,
सगळं घर हिच्या पाठीमागे वाढलं
आणि आम्ही कोणी ती पाहिलीच नव्हती.
उजव्या खांद्याखाली जुना वळ, बोटभर.
कधीचा, विचारलं. नुसतंच "हं" आलं.
मी लांब हात फिरवत राहिले,
कमरेपासून मानेपर्यंत, परत खाली,
बादलीतलं पाणी संपेपर्यंत.

पुष्कळ वेळाने तिने सांगितलं, भिंतीकडे तोंड करून,
की असं न्हाऊ घातलं होतं तिला
माझ्या बाळंतपणात, बारा दिवस.
त्यानंतर कोणी नाही.

रेंज परतली तेव्हा मी पायांशी पोचले होते.
सतरा गुण.
दोन कापले, पडदा ओढला नाही म्हणून
(मांगराला भिंतीच तीन).
एक पाठीचा. दिसली नाही.

आता वॉर्डात पडदे आहेत, हिरवे,
कड्यांवरून सरकणारे. मी ते नीट ओढते.
शुद्धीत असो नसो, आधी सांगते:
मावशी, आता मी पाठ पुसणार.
आणि थांबते जरा.
बहुतेक जणी काही बोलत नाहीत.

खाट अजून मांगरातच आहे.
खाली आणायला कोणाला सवड झाली नाही.
दुपारचा तोळूकाका तिच्यावर झोपतो.